बुर्माकान एजेनं नाव घेतलं

सारी-बेल खोऱ्यात गुरांची डॉक्टर एकच, बुर्माकान. तिला डॉक्टर म्हणून हाक मारली तर ती मागे वळून बघते, आपल्या पाठीमागे कोण आलंय म्हणून. लहानथोर सगळे तिला एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकाही तेच म्हणतात आणि त्याचा तिला राग येतो. पन्नाशीची बाई, अंगानं सडपातळ, हातांना कायम औषधाचा वास, आणि आवाज असा की ती टोचायला आली की कुत्री आपणहून तंबूमागे जाऊन बसतात. लग्नाच्या जेवणात तिच्या शेजारी बसायला लोक नाखूश असतात, कारण मटणाचा तुकडा तोंडाशी नेला की ती विचारते, ही मेंढी कुठली, टोचलेली होती का.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तो जिवंत असताना नाही, गेल्यावर तर नाहीच. नुसतं नाव टाळून भागत नाही, त्या नावातला शब्दही तोंडातून जाता कामा नये. बुर्माकानच्या सासऱ्याचं नाव असं होतं की एडक्याला आमच्या भाषेत जो शब्द आहे, तो त्या नावात सबंधच्या सबंध बसलेला. आता गुरांच्या डॉक्टरनं एडका हा शब्द न उच्चारता जन्म काढायचा म्हणजे काय खायचं काम आहे? तिनं काढला. एडक्याला ती 'मेंढ्यांचा नवरा' म्हणते. जिल्ह्याच्या कचेरीतला नवा साहेब फोनवर विचारतो, "एजे, एडके किती टोचले?" ही सांगते, "मेंढ्यांचे नवरे अकरा." साहेबाला वाटतं, बाई चेष्टेखोर आहे. कागदावर मात्र ती तो शब्द सरळ लिहिते, कारण लिहिण्याबद्दल रीत काही बोलत नाही.

लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, एकदा गुरं डोंगरावर चढायच्या आधी आणि एकदा उतरल्यावर. लसीची पेटी ती घोड्यावर पुढ्यात घेऊन बसते, तान्हं मूल घ्यावं तशी. आत बर्फ, बर्फावर नमद्याचा, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा, त्यावर बाटल्या. नमदा नसला तर बाटली बर्फाला चिकटून गोठते, आणि गोठलेली लस टोचणं आणि ओढ्याचं पाणी टोचणं यात काही फरक नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एका हिवाळ्यात दोन बाटल्या वाया घालवून ती शिकली.

टोचून घ्यायला लोक सहजी तयार होत नाहीत. गाय गाभण आहे, दूध आटेल, आज वार बरा नाही, मालक घरी नाही, आणि मालक त्या वेळी चुलीमागे बसून चहा पीत असतो. पण बुर्माकान चिवट. वरच्या कुरणावर उन्हाळ्यात पाच घरं तंबू टाकतात, त्यांतली चार तिनं एकेक करून वळवली होती. पाचवं घर शामेन आबांचं, आणि तिथं तिचं काही चालत नव्हतं.

शामेन आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाठ अजून ताठ, दाढी चार केसांची. दीडशे मेंढ्या, अकरा गाई. कुरणाच्या रीतीभातींचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचं म्हणणं सोपं होतं. तीन वर्षांमागे पलीकडच्या खोऱ्यात एकानं गुरं टोचून घेतली आणि चौथ्या दिवशी सगळ्या गाई लाळ गाळायला लागल्या. बुर्माकाननं शंभर वेळा सांगितलं की रोग सुईच्या आधीच अंगात शिरलेला होता, सुई उशिरा पोचली. आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं, आपल्याकडे आपली लस आहे की. फडकं."

फडकं म्हणजे असं. कुठं लाळ्या आला की आजारी गाईच्या तोंडाची लाळ चिंधीला पुसायची आणि ती चिंधी आपल्या सगळ्या गुरांच्या तोंडात फिरवायची. सगळी एकदमच आजारी पडतात, पंधरवड्यात एकदमच उठतात, आणि मग वर्षभर रोग फिरकत नाही. जुन्या मेंढपाळांची ही रीत. आणि या रीतीच्या बाजूनं आबांकडे एक पुरावा होता, तो ते बुर्माकानच्या तोंडावर फेकायचे. "शहाण्णव साली तुझ्या सासऱ्यानं काय केलं? फडकं फिरवलं. एक गाय मेली नाही. कोकरं गेली ती उशिराच्या बर्फानं गेली, त्यानं स्वतः मला सांगितलंय. आणि तू त्याची सून असून सुई घेऊन फिरतेस."

यावर बुर्माकान गप्प व्हायची. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई मान खाली घालून पेटीचा पट्टा आवळायची आणि घोड्यावर बसायची. लोक म्हणत, बघा, सासऱ्याचा मान कसा ठेवते.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा आबांच्या दारात येऊन बसली होती. पेटी भरलेली, आबांच्या सगळ्या कळपाला पुरेल एवढी. चहाचे चार पेले झाले. आबा दाद देईनात. त्यांची सून झरीपा पिठाच्या गोळ्यांचे बोर्सोक तळत होती, मोठ्या भांड्यात मटण उकडत होतं. कारण आदल्या संध्याकाळी ओढ्यापलीकडे एक नवा तंबू लागला होता. कुरणावर नवं बिऱ्हाड आलं की शेजाऱ्यांनी त्यांना पहिलं जेवण घालायचं, हे आमच्याकडे नमाजाइतकंच पक्कं. तंबू लावून थकलेल्या बाईला चूल पेटवायला लावणं म्हणजे साऱ्या कुरणाची नाचक्की.

"तुमचा स्वयंपाक होईस्तोवर मी त्यांची गुरं बघून येते," बुर्माकान म्हणाली. पेटी तिनं आबांच्या तंबूच्या सावलीत ठेवली आणि घोडा ओढ्यात घातला.

नवा माणूस एसेनगूल, चाळिशीचा, दोन डोंगर ओलांडून आलेला. त्याची बायको सायरा दोर आवळत होती. दोघांनी हसून स्वागत केलं. बुर्माकाननंही हसून उत्तर दिलं, पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली होती. सहा गाई उभ्या होत्या आणि एकही चरत नव्हती. एक गाय मागचा पाय उचलायची, झटकायची, परत ठेवायची. दुसरीच्या ओठांवरून लाळेची दोरी गवतापर्यंत लोंबत होती, आणि ती ओठांचा मचमच आवाज करत होती.

"कालच्या चढानं पाय दुखले असतील, एजे," एसेनगूल म्हणाला.

"आणि जीभ? जीभही चढली का डोंगर?"

तिनं गाईचं तोंड उघडलं, जीभ हातात धरली. फुगलेला फोड तिच्या बोटांखाली फुटला आणि जिभेची साल हातात आली. एसेनगूलनं ते पाहिलं. वाटेत बाजारातून दोन कालवडी घेतल्या होत्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून खूश होतो, असं तो पुटपुटला.

बुर्माकान कुंपणाबाहेर आली. घोड्याचा लगाम तिनं हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. हात लाळेनं माखलेले, बूट शेणात, घोड्याचे खूर त्याच चिखलात. हा रोग दोरानं जातो, बुटानं जातो, बादलीतल्या दुधानं जातो, वाऱ्यानंही जातो. सव्वीस वर्षं ती हेच लोकांना सांगत आली होती. आता खोऱ्यात रोग नेऊ शकेल असं सगळ्यांत पक्कं जनावर कुठलं, तर ती स्वतः. तिला परत जाता येणार नव्हतं. आणि पेटी पलीकडे होती. इतर चार घरांच्या मेंढ्यांना लस पोचलेली, त्यांच्या कोकरांनाही दुधातून थोडीफार ढाल मिळालेली. आबांच्या कोकरांच्या अंगात काहीच नव्हतं.

ती चालत ओढ्याकाठी आली. समोरून शामेन आबा घोड्यावर येत होते, पुढ्यात मटणाचं मोठं ताट, मागून झरीपा बोर्सोकची टोपली घेऊन. घोड्याचा पुढचा पाय पाण्यात पडला.

"आबा, थांबा. पाण्यात उतरू नका."

"का, पूर आलाय?"

"लाळ्या आहे इकडे. सगळ्या गाईंना. मागे फिरा."

आबांनी घोडा थांबवला. मग म्हणाले, "पाहुण्यांचं जेवण परत नेऊ? म्हातारपणी हे शिकवतेस?"

"जेवण तिथंच खडकावर ठेवा. ते येऊन घेतील. ताट परत मागू नका म्हणजे झालं."

"माझ्या सासूबाईंचं ताट आहे ते," मागून झरीपा म्हणाली.

"तुझ्या सासूला मी नवं घेऊन देईन, बाई. आता ऐक."

पण आबांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. चेहरा हळूहळू सैल झाला. "बरंच झालं म्हणायचं," ते म्हणाले. "रोग दारात आलाय, आता शोधायला जायला नको. झरीपा, तंबूतून एक जुनं धडुतं आण. पाहुण्यांना जेवण देतो, त्यांच्याकडून लाळ घेतो. आजच्या आज फिरवून टाकू. पंधरा दिवसांत मोकळे."

"आबा, नका."

"तुझ्या सासऱ्यानं..."

"आबा."

"तुझ्या सासऱ्यानं शहाण्णव साली हेच केलं, आणि त्याची एक गाय..."

"कोच्कोरबायनं तुम्हाला खोटं सांगितलं," बुर्माकान म्हणाली.

झरीपाच्या हातातली टोपली खाली आली. सायरा दोर सोडून उभी राहिली. ती परक्या खोऱ्यातली, पण सून होती, तिला काय घडलंय ते बरोबर कळलं. आबा घोड्यावर असे बसले होते, जणू कुणीतरी त्यांना थोबाडीत मारली असावी.

"तू नाव घेतलंस," ते म्हणाले.

"घेतलं. कोच्कोरबाय. पुन्हा घेते, नीट ऐकू आलं नसेल तर." तिनं पाण्याच्या कडेपर्यंत पाऊल टाकलं. "तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. हातात नवीन प्रमाणपत्र, घरात नवीन सून. सरकारी फार्म मोडलं होतं, लस कुठून येणार. त्यांनी मला विचारलं, तू शिकलीस, फडकं फिरवायचं का? मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, फिरवा. तेव्हा ते म्हणाले, मग तुझ्याच हातानं फिरव, तुझा हात शिकलेला आहे. मी फिरवलं, आबा. प्रत्येक मेंढीच्या तोंडात. या हातांनी."

तिनं लाळेनं माखलेले दोन्ही हात पुढे धरले.

"गाई उठल्या, खरं आहे. पण नवव्या दिवशी कोकरं आईला लुचायला धावत आणि धावता धावता पडत. तोंडात फोडही नाही, पायाला काही नाही. धावलं आणि मेलं. त्यांनी एकाला उघडून बघितलं, काळजावर पांढरे पट्टे होते, लाळ्या कोकरांना तसाच मारतो. बर्फ कसला आलाय? त्या साली मेमध्ये बर्फ पडलाच नाही, आठवून बघा. पण खोऱ्यात सांगितलं की बर्फानं गेली. नव्या सुनेला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सांगितलं. मी शपथ घातल्यासारखी गप्प राहिले. आणि तुम्ही तेच खोटं सव्वीस वर्षं पुरावा म्हणून वापरताय."

आबा घोड्यावरून उतरले. सावकाश उतरले, एरवी उतरत त्याहून सावकाश.

"किती?" त्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"मला अठरा म्हणाला होता."

"मला माहीत आहे."

आबांनी मटणाचं ताट खडकावर ठेवलं. सरळ झाले. दाढीच्या चार केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पेटी कशी उघडायची ते सांग."

ती दुपार अजून खोऱ्यात सांगितली जाते. ओढ्याच्या एका काठावर डॉक्टर, दुसऱ्या काठावर कळप, आणि मधे तिचा आवाज. टोचणार कोण? झरीपा. का, तर ती सासूला रोज इन्सुलिन टोचते.

"बाटली हलव, पण ताक घुसळू नकोस. फेस नको."

"एजे, हात थरथरतोय."

"सासूला टोचताना थरथरतो का?"

"तेव्हा नाही."

"मग मेंढीला सासू समज. खांद्यामागची कातडी चिमटीत धर, वर उचल, तिच्या पायथ्याशी सुई. गेली?"

"गेली. मेंढी बघतेय माझ्याकडे."

"सासूही बघते. पुढची घे. आणि मेंढ्यांच्या प्रत्येक वाड्याला सुई बदल."

आबा एकेक जनावर धरून देत होते, दीडशे मेंढ्या, वर कोकरं आणि अकरा गाई, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मधेच ओरडले, "हा दांडगा हलू देत नाही, याला किती?"

"मेंढ्यांचा नवरा का? त्यालाही तेवढीच," बुर्माकान सवयीनं बोलून गेली. पलीकडे आबा क्षणभर थांबले. मग त्यांना हसू आलं, आणि एसेनगूलच्या तंबूसमोर सायराही डोक्यावरच्या रुमालाआड हसली. त्या दिवशी तिथं हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

टोचून झाल्यावर झरीपा कड्यावर चढली, जिथं फोनला आवाज मिळतो, आणि जिल्ह्याला कळवलं. घाटात पहारा बसला, रस्त्यावर औषधात भिजवलेला भुसा पसरला. बुर्माकाननं ओरडून सांगितलं तसं आबांनी कळप वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवला. लसीला अंगात रुजायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत वारा फिरला, एखादं कुत्रं ओढा ओलांडून गेलं, किंवा रोग कालच पोचला असला, तर सुईचा काही उपयोग नव्हता. हे बुर्माकानला ठाऊक होतं, आणि आबांपासूनही तिनं लपवलं नाही. एकदा लपवून काय होतं ते तिनं पाहिलं होतं.

ती एसेनगूलकडेच राहिली. सायराचा जुना झगा घातला, स्वतःचे कपडे जाळले. गाईंची तोंडं सोड्याच्या पाण्यानं धुवायची, खूर धुवायचे, कोवळं गवत कापून हातानं भरवायचं. एसेनगूलची दोन वासरं आणि नऊ कोकरं गेली. दर वेळी सायरा म्हणायची, "एजे, आम्ही आल्या दिवशीच सगळ्यांच्या पोटावर पाय दिला." दर वेळी बुर्माकान तिच्यावर खेकसायची, "रोग तू विणलास का? बादली आण." समोरून रोज कुणी ना कुणी खडकावर जेवण ठेवून जायचं. ताटं जमत गेली. सायराला एकही रिकामं परत करवेना, आणि भरून परत करायला बुर्माकान देईना, म्हणून ती ती ताटं घासून उन्हात मांडून ठेवायची, चकाकत.

रोज सकाळी आबा काठावर यायचे. "बारा कोकरं बघितली. जीभ गुलाबी."

"पाय?"

"पायही."

"लुचतात?"

"लुचतात. तू झोपलीस का रात्री?"

"तुम्ही झोपलात का?"

सहाव्या दिवशी आबा आले ते तोंड पाडून, हातात मेलेलं कोकरू. सकाळी ते उठलंच नव्हतं. बुर्माकान काठावरच बसली. "आबा, त्याच्या आईचं तोंड बघितलंत ना? आता त्याचं काळीज उघडा. मला ओरडून सांगा." आबांनी तिथंच चाकू काढला. बराच वेळ वाकून बघत राहिले. "आईची जीभ गुलाबी होती. काळीजही तांबडं आहे," ते म्हणाले, "एकही पट्टा नाही. पोट फुगलंय. हे हावरट कोवळं गवत खाऊन गेलं." बुर्माकाननं चेहरा पाण्यात बुडवला आणि वर काढला. एका कोकराच्या मरणाचा तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

एकविसाव्या दिवशी जिल्ह्याची माणसं आली, बघून गेली आणि तिला ओढा ओलांडायची मोकळीक दिली. एसेनगूलच्या गाई तोवर चरायला लागल्या होत्या. बुर्माकाननं डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ केली, घोड्याचे खूर औषधात बुडवले, आणि आबांच्या वाड्यात गेली. कुणाशी बोलली नाही. पहिलं कोकरू धरलं, जबडा उघडला, बघितलं, सोडलं. दुसरं. तिसरं. झरीपा धरून द्यायला पुढे झाली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. दीड तास लागला. शेवटचं कोकरू तांबूस कानांचं होतं, सुटायला धडपडत होतं. तिनं त्याची जीभ बघितली. गुलाबी, ओली, अखंड. तिनं त्याला सोडलं, ते उड्या मारत आईकडे धावलं, पोचलं, आणि ढुशा देत दूध प्यायला लागलं.

बुर्माकान तिथंच लेंड्यांत खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली. तरुण होती तेव्हा रडायचं राहून गेलेलं सगळं तिला आता रडायचं होतं, आणि तिनं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. शेजारची माणसं वाड्याकडे यायला लागली, एसेनगूल आणि सायराही पहिल्यांदाच ओढा ओलांडून आले होते. शामेन आबा तिच्याकडे पाठ करून वाड्याच्या दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला टेकवून, आणि म्हणाले, "आत्ता कुणी आत जायचं नाही. एजे कोकरं तपासतेय."